भाडं अजून आलं नाही, हप्ता मात्र सुरू झाला

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका निवृत्त काकांचं पत्र आलंय. थोडक्यात असं. वय ६१, जिल्हा परिषदेच्या कार्यालयातून निवृत्त, पेन्शन महिना ३१ हजार, बँकेत एफडीत २२ लाख. काटोल तालुक्यात वडिलोपार्जित ५ एकर, त्यातली बरीचशी बरड. सध्या गावातल्याच एकाला ठोक्यानं, म्हणजे ठरावीक रकमेवर कसायला, दिली आहे, एकरी १२ हजार. आता वीजप्रकल्पासाठी जमीन भाड्यानं मागणारे एक सोलरवाले आलेत, एकरी ५० हजार वर्षाला देतो म्हणतात, ३० वर्षांचा करार. काकांचा प्रश्न: ‘४ एकर द्यावे की पाचही?’

पत्र तीन पानी. दुसऱ्या पानाच्या तळाशी, जाता जाता, एक ओळ आहे: ‘सोलरचे वर्षाला २ लाख येणारच आहेत, म्हणून बँकेतल्या मॅडमनी तेवढ्याच हप्त्याचा एक हमी उत्पन्नाचा प्लॅन करून दिला, पहिला हप्ता एफडी मोडून भरला, कागद पोळ्याच्या दोन दिवस आधी घरी आले.’

मी पत्र तिथंच खाली ठेवलं आणि काकांना फोन केला. उत्तर लिहून होईपर्यंत थांबण्यासारखं ते नव्हतं. हा प्लॅन म्हणजे विम्याची पॉलिसी, आणि पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती कारण न सांगता परत करता येते. आधी ही मुदत १५ दिवसांची होती, २०२४ पासून ३० झाली. काकांचे १७ दिवस तेव्हाच संपले होते. उरले १३.

काका म्हणाले, ‘ते तर झालं मॅडम, पण जमिनीचं सांगा ना.’

जमिनीचं सांगते. पण आधी हे.

त्यांनी व्हॉट्सॲपवर कागदांचे फोटो पाठवले. अर्जात वार्षिक उत्पन्नाचा रकाना आहे. त्यात ६ लाख ३२ हजार लिहिलंय, काकांच्या नव्हे, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात. बेरीज करून पाहिली. पेन्शनचे पावणेचार लाख, ठोक्याचे ६० हजार, आणि उरलेले २ लाख सोलरचे. ज्या सोलरचा अजून एक खांबही रोवला गेलेला नाही, त्याचं भाडं उत्पन्न म्हणून विमा कंपनीच्या अर्जात जाऊन बसलंय. खाली निळ्या शाईत काकांची सही, अगदी वळणदार, चाळीस वर्षं फायलींवर केलेली असते तशी. आणि त्याच चार एकरांवर ठोकाही चालू आणि सोलरही चालू, असं एकाच वेळी धरलंय, ही आणखी एक गंमत.

प्लॅन असा: १० वर्षं दर वर्षी २ लाख भरायचे, एक वर्ष थांबायचं, मग बाराव्या वर्षापासून २० वर्षं दर वर्षी २ लाख मिळणार. २० लाख भरा, ४० लाख घ्या. ‘काका, दुप्पट! तेही गॅरंटीड, टॅक्स फ्री!’ हे वाक्य मी आजवर इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की आता ते ऐकूनच माझं डोकं उठतं. दुप्पट, पण कधी? पहिला पैसा परत येतो तेव्हा काका ७२ चे असतील आणि शेवटचा येतो तेव्हा ९१ चे. वर्षाला हिशेब पडतो साडेचार टक्क्यांच्या आसपास.

हेच २ लाख दर वर्षी १० वर्षं साध्या ७ टक्क्यांवर ठेवले, तर बाराव्या वर्षाच्या सुरुवातीला ३१ लाखांवर रक्कम होते. तिचं नुसतं व्याजच वर्षाला २ लाखांच्या पुढे. म्हणजे प्लॅन जे द्यायला मुद्दलही संपवतो, ते इथं व्याजातच सुटतं आणि मुद्दल जागच्या जागी राहतं. टॅक्स फ्रीचं तर काकांना कौतुकच नको. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य आहे, काकांचं सगळं धरूनही त्याच्या जवळपास जात नाही. जो कर लागतच नाही तो वाचवायला पॉलिसी कशाला?

‘पण २० लाखांचा विमा आहे ना त्यात,’ काका. आहे. कुणासाठी? मुलगा पुण्यात कमावतो, मुलीचं लग्न झालंय, काकूंना मागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळणार. काकांच्या जाण्यानं कुणाची चूल बंद पडणार नाही.

आता खरी गोम. हप्ता पुढच्या वर्षीही पोळ्याच्या आसपासच कापला जाणार, भाडं आलेलं असो नसो. सोलरवाल्यांनी दिलेल्या कराराच्या मसुद्यात, पान चारवर, लिहिलंय की भाडं ‘प्रकल्पातून वीजपुरवठा सुरू झाल्याच्या तारखेपासून’ देय होईल. सही झाल्यापासून नाही, ताबा घेतल्यापासून नाही. मधल्या काळात जमीन अडकलेली, ठोकाही गेलेला. हप्ता मात्र दर वर्षी २२ लाखांच्या पुंजीतून जात राहणार, आणि दोन-तीन वर्षांनी दमून पॉलिसी सोडली तर भरलेल्यातला मोठा तुकडा तिथंच राहणार.

आणि भाडं आलं तरी ते काकांचं अर्धंच आहे. सातबाऱ्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. भोगवटादाराच्या रकान्यात दोन नावं आहेत, काकांचं आणि वर्ध्याला दिलेल्या त्यांच्या ताईंचं. विचारलं तर काका म्हणाले, ‘ती काही म्हणणार नाही हो, ठोक्याचेही कधी मागितले नाहीत तिनं.’ काका, १२ हजार एकरी होते तेव्हा नाही मागितले. ५० हजार एकरी झाल्यावर त्यांच्या मुलांनीही मागायचे नाहीत, असं तुम्ही आपल्या मनानं ठरवून टाकलंय. वारस नोंद झालेली आहे, नाव आहे, हिस्सा आहे. ताईंच्या सहीशिवाय हा भाडेपट्टा होणारच नाही, आणि सही करणारा माणूस आपला वाटा विचारतो. तेव्हा तुमचे २ लाख नाहीत, १ लाख. हप्ता २ लाखांचा. आता ताईंकडून घाईघाईनं हक्कसोडपत्र करून घ्यायचा विचार डोक्यात येईल. तो आला तर पाणी प्या आणि बसा.

तर पॉलिसी परत करायची. बँकेत जाऊ नका. तिथं तुम्हाला चहा देतील, साहेबांना बोलावतील, ‘एक महिना थांबा काका’ म्हणतील, आणि त्या महिन्यातच मुदत संपेल. ज्या विमा कंपनीची पॉलिसी आहे तिच्या नागपूरच्या शाखेत जा. साध्या कागदावर अर्ज, पॉलिसीची मूळ प्रत, रद्द केलेला चेक. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोचेचा शिक्का घ्या, आणि तोच अर्ज त्या दिवशीच ईमेलनंही पाठवा. थोडी स्टॅम्प ड्युटी, तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची रक्कम कापून बाकी पैसे परत येतात. खात्यातून आपोआप हप्ता कापण्याची जी मंजुरी दिली आहे तीही रद्द करा. कंपनी टाळाटाळ करू लागली तर विमा नियामकाचा १५५२५५ हा नंबर आहे.

फोनवर काका शेवटी म्हणाले, ‘पण बँकेतल्या त्या पोरीचं टार्गेट आहे मॅडम, फार चांगली वागली हो.’ असेल चांगली. टार्गेट तिचं आहे, म्हातारपण तुमचं आहे.

परत आलेले धरून २४ लाख होतील. त्यातले २० लाख पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्या ८.२ टक्के आहे, दर तीन महिन्यांनी ४१ हजार हातात. सोलर आलं न आलं, काकांचं भागतंय. उरलेले ४ लाख एफडीत असू द्या, दवाखान्यासाठी.

आता जमीन. देऊ नका असं मी म्हणत नाही. १२ हजारांच्या ठोक्यासमोर ५० हजार म्हणजे चौपट, आणि बरड जमिनीवर सोयाबीन कसं येतं ते काटोलकडच्यांना सांगायला नको. आकडाही हवेतला नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची, तिचं दुसरं रूप २०२३ ला आलं. शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीपंपांच्या वीजवाहिनीला, दिवसा वीज मिळावी म्हणून सबस्टेशनजवळ छोटे प्रकल्प उभे करायचे, असं ते आहे. त्यात खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख किंवा रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या जमीनदराच्या, ६ टक्के, यातलं जे जास्त ते, आणि दर वर्षी ३ टक्के वाढ. सव्वा लाख हेक्टरी म्हणजे एकरी ५० हजारच. फक्त ही ३ टक्क्यांची वाढ काकांच्या मसुद्यात मला कुठं दिसली नाही. ती लिहून घ्या. ती असली तरी चार एकरांचे २ लाख पंचविसाव्या वर्षी ४ लाख होतील, आणि महागाई ६ टक्के धरली तर त्या ४ लाखांत आजच्या १ लाखाचा बाजार येईल. म्हणून ३० वर्षांचं भाडं हे पेन्शन समजू नका.

पण समोरचा माणूस खरंच या योजनेतला आहे का? व्हिजिटिंग कार्डावर सूर्याचं चित्र आहे म्हणून नव्हे. त्याच्या कंपनीला कोणत्या सबस्टेशनचं काम मिळालंय त्याचं पत्र मागा, आणि ते घेऊन महावितरणच्या कार्यालयात जाऊन विचारा. तुमची जमीन त्या सबस्टेशनपासून ५ किलोमीटरच्या आत आहे का तेही पाहा. आणखी एक: १ मेगावॉटला चार-पाच एकर लागतात, त्यामुळं तुमच्या जमिनीत जेमतेम एकच मेगावॉट बसेल. कंपनीला जास्त उभारायचं असेल तर शेजाऱ्यांच्या सह्यांवरही तुमचं भाडं अवलंबून आहे. त्यांच्याकडे गेलेत का हे लोक? एवढ्या चौकशीत पंधरा दिवस जातील, जाऊ द्या.

‘फाइल चार्ज’ म्हणून त्यांनी २५ हजार मागितलेत, ते देऊ नका. सौरऊर्जेच्या योजनांच्या नावानं बनावट वेबसाइट काढून नोंदणीचे पैसे उकळणाऱ्यांबद्दल केंद्राच्या मंत्रालयानंही इशारे दिलेले आहेत. भाडेकरू घरमालकाकडून पैसे मागतो, असं कुठं पाहिलंय का?

त्यांनी आणलेला पाचशेच्या स्टॅम्पवरचा नोटरी केलेला कागद हा भाडेपट्टा नाही. त्यात फक्त तुम्ही दुसऱ्या कुणाला जमीन देणार नाही असं बांधून घेतलंय, फुकट. ३० वर्षांचा करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवूनच होतो, खर्च त्यांचा. भाडं ताबा दिल्याच्या तारखेपासून सुरू, असं लिहून घ्या. कंपनी तीन महिन्यांच्या नोटिशीवर निघून जाऊ शकते असं मसुद्यात कलम आहे, तर जाताना खांब, काँक्रीट, केबल काढून जमीन मोकळी करून देण्यासाठी आधीच अनामत ठेवायला लावा. नाहीतर ३० वर्षांनी तुमचा नातू वावरात काँक्रीट फोडत बसेल. ‘कर्जासाठी तारण’ असा शब्द दिसेल. तारण त्यांच्या भाडेपट्ट्याच्या हक्काचं, तुमच्या जमिनीचं नाही, हे वकिलाकडून स्पष्ट लिहून घ्या. हे भाडं शेतीचं उत्पन्न धरलं जात नाही, विवरणपत्रात दाखवावं लागेल, कर लागला नाही तरी.

चार की पाच? चारच. पण कोणते चार, हे आधी मोजणीच्या नकाशावर बघा. विहीर कुठं आहे आणि पांदण कुठून येते, हे पत्रात नाही. विहीर त्यांच्या कुंपणात गेली तर उरलेला एकर कोरडा, आणि वाट गेली तर त्या एकरात बैलबंडीही जाणार नाही. विहीर आणि धुऱ्यावरची वाट आपल्या एकरात ठेवून मग बाकीचं द्या.

ताईंना मसुदा वाचायला पाठवा, सहीसाठी नव्हे, वाचायला. पण ते पुढच्या आठवड्यात चालेल. सोमवारी सकाळी विमा कंपनीची शाखा, आणि पोचेच्या शिक्क्याचा फोटो मला व्हॉट्सॲप करा.