चेहऱ्यावरून कळलेली गोष्ट

‘त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं, आवडलं नाही ते,’ हे वाक्य प्रकल्प आणि तोंडी परीक्षांच्या दिवसांत समुपदेशक म्हणून माझ्यासमोर इतक्या वेळा येते, की गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने त्याची उकल तिच्याच अभ्यासक्रमातून केली, तेव्हा ती लिहून ठेवावीशी वाटली. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

ती माध्यम-अभ्यासाच्या दुसऱ्या वर्षाला होती. चित्रपट संकलनातील काही संकल्पना समजावून सांगणारी सहा मिनिटांची चित्रफीत आणि तिच्या निर्मितीविषयी एक चिंतनपर टिपण तिला सादर करायचे होते. चित्रफितीचा कच्चा कट तिने वर्गात दाखवला, त्या वेळी सरांच्या भुवया आकसल्या आणि त्यानंतर तीन आठवडे तिने संगणकावरची ती फाइल उघडलीच नाही. टिपणाच्या तिन्ही खर्ड्यांत एकच मजकूर होता : सगळेच फसले आहे.

पहिल्या दोन भेटींत मी नेहमीचे प्रश्न विचारले आणि तिने नेहमीची उत्तरे दिली. तिसऱ्या भेटीत मात्र मी तिला म्हटले, “मला यातलं काही कळत नाही. तुला सगळ्यात आवडलेली एक संकल्पना मला शिकव.”

ती सावरून बसली. जंप कट, मॅच कट ही दृश्ये जोडण्याची तंत्रे बाजूला ठेवून तिने कुलेशोव्ह परिणाम निवडला. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी १९२०च्या आसपास एका नटाच्या चेहऱ्याचा एकच शॉट सूपची वाटी, शवपेटीतले मूल आणि एक स्त्री अशा वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवला. प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यावर कधी भूक, कधी दुःख, तर कधी अभिलाषा दिसली. हाच प्रयोग तिने आपल्या आजोबांवर केला होता. पुरणपोळीचे ताट, रांगणारे बाळ आणि हार घातलेला आजीचा फोटो, या तिन्हींनंतर आजोबांचा तोच चार सेकंदांचा शॉट.

“फोटोनंतर वर्गात एकदम शांतता पसरली, मॅडम. आणि आजोबा तर तेव्हा नुसते झोप आवरत होते!”

“आणि सरांचा चेहरा?” मी विचारले.

ती हसायची थांबली. बराच वेळ तिने पिशवीच्या बंदाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. मग ती हळूच म्हणाली, “त्याच्या आधीचा शॉट मीच जोडला.”

मनुष्याला घटनेपेक्षा घटनेचा लावलेला अर्थ अधिक छळतो, असे मानणाऱ्यांपैकी मी आहे. पण इतकी वर्षे मी हे समजावण्यासाठी जे शब्द वापरले, त्यांपेक्षा तिचे ते एक वाक्य सरस होते. (ते तिला सुचावे अशी जागा मी मोकळी ठेवली, एवढे श्रेय मात्र मी घेते.)

अशा वेळी मी कागदाचे दोन भाग करायला सांगते. डावीकडे केवळ कॅमेऱ्याला दिसले असते तेवढेच लिहायचे आणि उजवीकडे आपण काढलेला निष्कर्ष. तिच्या डाव्या भागात ‘भुवया आकसल्या, पुढे झुकले’ एवढेच उरले. त्यानंतरची पायरी टाळता येत नाही : जाऊन विचारायचे, आणि तेही ‘आवडलं का?’ असे नव्हे, तर ‘कोणत्या ठिकाणी अडखळायला झालं?’ असे. पालकांनीही घाईने ‘छान झालंय’ म्हणू नये. मुले त्या वाक्यालाही आपल्या मनातला शॉट जोडतात. कधी समोरची नाराजी खरीही निघते, पण तेव्हा निदान ती कोणत्या मिनिटाबद्दल आहे हे कळते.

तिने विचारले. पार्श्वसंगीताखाली निवेदन दबले होते आणि सर ते ऐकण्याचा प्रयत्न करत होते. एका संध्याकाळी तिने आवाजाची पातळी सुधारली, टिपण नव्याने लिहिले आणि दोन्ही वेळेत दिले.

शेवटच्या भेटीत तिने एक गोष्ट सांगितली. पूर्ण झालेली चित्रफीत तिने घरी आजोबांना दाखवली आणि ‘तुम्हाला झोप येत होती ना?’ असे हसत विचारले. आजोबा म्हणाले, “झोप कसली? तुझ्या आजीचीच आठवण येत होती.”

तिच्या नोंदीत मी ‘चेहरा कोरा होता’ असे लिहिले होते. ते मी खोडले.