चौकोन काढणं हे काम आहे की नाही?

प्रश्न : मी पाटण तालुक्यातली. दोन वर्षं घरीच लॅपटॉपवर काम करतेय, रस्त्याचे फोटो येतात, त्यातल्या गाड्या, माणसं, सिग्नल यांच्याभोवती चौकोन काढायचे, फोटोमागे पैसे. मागच्या महिन्यात अकाउंट अचानक बंद झालं, केलेल्या कामाचे पैसे पण अडकले, मेल केला तर ठरलेलं छापील उत्तर येतं. घरचे म्हणतात सगळं एआय आपोआप करतं, तू नुसती क्लिक करतेस. सासरे वाशी मार्केटला माथाडी होते, त्यांना निदान फंड, ग्रॅच्युइटी मिळाली. माझं हे काम धरायचं की नाही?

उत्तर : ताई, काम आहे, आणि एआय आपोआप काही शिकत नाही हे घरच्यांना नक्की सांगा. इमेजनेट नावाचा फोटोंचा साठा 2009 साली पुढे आला, मशीनला चित्र ओळखायला शिकवण्यात त्याचा फार मोठा वाटा आहे, पुढे तो 1 कोटी 40 लाख फोटोंच्या वर गेला आणि त्या फोटोंना नावं लावली ती 167 देशांतल्या जवळपास 49 हजार माणसांनी, घरी बसून, तुकड्यातुकड्याने पैसे घेऊन, अगदी तुमच्यासारखी. डेटा म्हणजे नवीन तेल असं म्हणतात ते मला अजिबात पटत नाही, तेल जमिनीत आपोआप तयार होतं, हे तुमच्या मनगटातून आणि डोळ्यांतून येतं. केनियात तर चॅटजीपीटीसाठी घाणेरडा मजकूर वाचून वेगळा काढणाऱ्यांना तासाला 2 डॉलरपेक्षा कमी मिळत होते, हे 2023 च्या जानेवारीत बाहेर आलं.

आता सासऱ्यांचं उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं झालं. माथाडीलाही एक मालक नव्हता, सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या, आणि प्रत्येक व्यापारी म्हणायचा हा माझा नोकर नाही. आज कंपन्या तुम्हाला फ्रीलान्सर म्हणतात ते तेच आहे. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला, त्यात मालकाचीही नोंद आणि कामगारांच्या टोळीचीही, मजुरी माथाडी बोर्डातून आणि वर मालकाकडून लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरावीक टक्के जादा रक्कम, त्यातून फंड, ग्रॅच्युइटी. एक मालक नसला तरी हक्क देता येतो, हे आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच करून दाखवलंय, मग अ‍ॅपवाल्यांना का जमू नये? 2020 च्या केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार, म्हणजे नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेर काम करून कमावणारा, हा शब्द आला, अ‍ॅपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के द्यायचे असंही आहे, पण मिनिटाला किती मजुरी, अकाउंट बंद करण्याआधी कारण द्यायचं का, यावर त्यात काही नाही, आणि तुमचा प्रश्न नेमका तिथेच अडलाय.

तोपर्यंत एवढं करा. पैशांचे मेल, कामाचे स्क्रीनशॉट, बँकेच्या एन्ट्र्या, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करा, फुकट आहे. गावात आणखी कोणी हेच काम करत असेल तर अडकलेल्या पैशांचा अर्ज सगळ्यांनी मिळून जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. आणि सासऱ्यांना विचारा, पहिली टोळी नोंदवताना काय काय केलं होतं, ते आम्हालाही लिहून पाठवा.