‘पूरक’ मारा की विजेला बर्फाची ‘जोड’?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आला आहे. थोडक्यात असा : ‘पोकेमॉन हा व्हिडिओ गेम खेळताना एका भिडूला, म्हणजे आपल्या बाजूनं लढणाऱ्या प्राण्याला, चारच चाली देता येतात. त्या एकमेकींची उणीव भरून काढतील अशा निवडाव्या लागतात. पोरं याला कव्हरेज म्हणतात. लहान भावाला समजावताना मी “पुरक हल्ले” म्हणालो, तर तो म्हणे, पुरक म्हणजे जादाचे ना? आमच्यात बरोबर कोण?’

दोघंही. घोळ शब्दातच आहे.

पूरक म्हणजे भरणारा. प्राणायामात श्वास आत भरून घेणं ते पूरक. पण भरण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. जेवण झाल्यावर आग्रहानं वाढतात ती एक, आणि पोत्यात जेवढी जागा उरली तेवढंच धान्य ओततात ती दुसरी. पूरक आहार, पूरक वाचन यांत पहिली तऱ्हा आहे : मूळचं आहेच, त्यात थोडी भर. गणितातल्या पूरक संचात दुसरी : विश्वसंचातलं जे मूळ संचात नाही, नेमकं तेवढंच त्यात येतं. तुमच्या मनात संचाचा पूरक होता, भावाच्या मनात आहाराचा. भूमिती तर आणखी फिरवते. तिथं बेरीज १८० अंश झाली की पूरक कोन आणि ९० झाली की कोटिकोन. ‘कोटिहल्ले’ म्हणा असं मी सुचवणार नाही, घाबरू नका.

‘कव्हरेज’चं भाषांतर म्हणून ‘आच्छादन’ सुचवणारेही भेटतात. शेतकऱ्याच्या घरात आच्छादन म्हणजे वाफ्यावर पसरलेला पालापाचोळा, ओल टिकवायला. ते खालच्याला जपतं, समोरच्याला हाणत नाही. आणि कव्हरेज म्हटलं की आमच्याकडे अजून मोबाइलच आठवतो : ‘घरात कव्हरेज नाई, धाब्यावर जाऊन बोल.’ खरं तर हा अर्थ खेळाच्या बराच जवळचा आहे. कुठं पोचत नाही हे कळलं, की कुठं जाऊन उभं राहायचं तेही कळतं.

आता खेळाकडे. भिडूंचे आणि चालींचे वीज, बर्फ, पाणी असे प्रकार १८ आहेत. प्रत्येकाचा मारा कुणावर दुप्पट बसतो, कुणावर निम्मा, तर कुणावर अजिबात नाही. माझा भाचा स्टारमी नावाच्या भिडूला वीज आणि बर्फ अशा दोन्ही चाली देतो. स्टारमी स्वतः पाणी आणि मनःशक्ती या प्रकारांचा, म्हणजे आपल्याच प्रकारची चाल मारल्यावर मिळणारा दीडपट जोर या दोन्हींना मिळत नाही. तरी तो त्या ठेवतो. का, ते त्यानंच सांगितलं : ‘मामा, वीज जमिनीवाल्याले लागतच नाई. गवतवाला अन् ड्रॅगन अर्धीच खाते. मंग त्या तिघायले बर्फ हाणाचा, डब्बल बसते.’ उलटंही खरं आहे. बर्फाला पाणी दाद देत नाही, पण पाण्यावर वीज दुप्पट बसते. आगीवर, बर्फावर, पोलादावर बर्फाचा मारा निम्मा होतो. तिथं वीज निदान पुरती तरी लागते. एकेकटा प्रकार घेतला, तर दोन्हींना कमी लेखेल असा एकही सापडत नाही.

यासाठी मराठीत पूर्वीपासून रुळलेला शब्द आहे : जोड. ‘वक्तृत्वाला अभ्यासाची जोड हवी’ असं आपण म्हणतो, तेव्हा वक्तृत्वात जे नाही ते अभ्यासातून यावं अशीच अपेक्षा असते. तसंच ‘विजेला बर्फाची जोड दे’. पण ‘जोड’ नुसता वापरू नका, ‘अमक्याला तमक्याची जोड’ अशी पूर्ण रचनाच ठेवा. कारण समासात हाही शब्द घसरतो. जोडधंदा म्हणजे शेती सांभाळून पाळलेल्या दोन म्हशी, पुन्हा दुय्यमच. आणि ‘जोडी’ तर मुळीच नको. शंकरपटात जोडी सुटते तेव्हा दोन्ही बैल एका ताकदीचे, एका चालीचे हवेत, नाहीतर छकडा वाकडा जातो. जोडीत साम्य लागतं. जोड देताना फरक लागतो, आणि तोही नेमका उणिवेच्या जागी.

हा फरक कुणाला पटत नसेल तर त्याला पऱ्हाटीतली तूर दाखवावी. कपाशीची काही तासं झाली की एक तास तुरीचं, हे विदर्भातलं जुनंच गणित. तुरीचं मूळ खोल जातं, ती उशिरा हाती येते, वरून जमिनीला नत्र देते. पाऊस लवकर उघडला किंवा बोंडात अळी पडली, तरी दोन्ही पिकं एकाच कारणानं बुडण्याचा धोका कमी होतो. सरकारी भाषेत हे आंतरपीक. त्या नावात तूर कुठं पेरली ते कळतं, कशासाठी ते कळत नाही.

दुसरा एक शब्द यासोबत वापरून पाहा : तोड. समोरच्याला जे भारी पडतं ती त्याची तोड, आपल्याच माऱ्याची उणीव जे झाकतं ती आपली जोड. पाण्याला तोड वीज, विजेला जोड बर्फ. पोरं या दोन्हींत गल्लत करतात, म्हणून चारही चाली समोरच्या एकाच भिडूकडे बघून निवडतात आणि पुढचा आला की अडकतात.

आणि सगळा संच जमला, की त्याला क्रियापद आहे ‘पुरून उरणे’. ‘एकटा दहा जणांना पुरून उरला’ मधलं. यातलं पुरणे म्हणजे पुरेसं होणे, खड्ड्यात पुरणे नव्हे. पण हे क्रियापद जपून वापरा. वीज-बर्फसुद्धा सगळ्यांना पुरून उरत नाहीत. मॅग्नेमाइट नावाचा भिडू १९९६ च्या पहिल्या खेळात, १५ प्रकार होते तेव्हा, नुसता विजेचा होता. १९९९ च्या खेळात पोलाद आणि अंधार हे प्रकार आले, आणि तो वीज-पोलाद झाला. वीज त्याच्यावर आधीपासूनच निम्मी होती, तेव्हापासून बर्फही निम्मा. त्याची तोड जमीन : तो मारा विजेवर दुप्पट, पोलादावर दुप्पट, म्हणजे मॅग्नेमाइटवर चौपट.

राहिलं शुद्धलेखन. तुम्ही ‘पुरक’ लिहिलंत. शब्द तत्सम आहे, तेव्हा पू दीर्घ : पूरक. पुरवठा, पुरवणी आणि पुरणपोळी मात्र ऱ्हस्वच.