इन्स्टाग्राम असताना स्वतःचा ब्लॉग कशाला काढायचा?

तुम्ही परभणीला घरी ब्लाऊज शिवता, मुलगी म्हणते ब्लॉग काढ, आणि तुमचा प्रश्न असा की रील्सच्या जमान्यात तो काढायचा कशासाठी, वाचणार कोण? मला शिवणकामातलं काही कळत नाही. औसा तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. पण ब्लॉग बरीच वर्षं चालवतोय, तेव्हा माझ्यापुरतं सांगतो.

2016 चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं ते दिवस. उधारी अडकलेली, गिऱ्हाईक नाही, काउंटरवर माशा मारत बसायचो. त्या रिकामपणात सुरू केला. पण खरं कारण घशाचं. मृग जवळ आला की जो येईल तो एकच विचारणार, घरचं सोयाबीन पेरलं तर चालतंय का? दिवसातून तीस-चाळीस वेळा तेच सांगून संध्याकाळी आवाज फुटायचा नाही.

तर, चालतं. सोयाबीनच्या सरळ वाणाचं, म्हणजे संकरित नसलेलं, बियाणं एकदा विकत घेतलं की पुढं तीन वर्षं घरचं वापरता येतं. फक्त उगवण तपासायची. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत 100 दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि पाच-सहा दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर एकरी 30 किलो. सत्तरला जितके कमी पडतील, तितके अर्धे किलो वाढवायचे. साठच्याही खाली गेलं तर ते पेरूच नये.

हे मला तोंडपाठ होतं. लिहायला बसलो तेव्हा कळलं की अर्धंच येत होतं. उगवण मुळात कमी का भरते? मी सरळ बियाण्यालाच दोष द्यायचो. दोन-चार जाणत्यांना विचारल्यावर उमगलं, सोयाबीनच्या दाण्याचं साल फार नाजूक. मळणी यंत्राचे फेरे जास्त ठेवले, पोतं ट्रॉलीतून धाडकन आपटलं, की आत कोंबाला मार बसतो आणि वरून दाणा ठणठणीत दिसतो. आता हमाल माझ्या दुकानात बियाण्याची पिशवी आपटत नाहीत. बोलताना अशा फटी झाकून जातात, कागदावर आल्या की दिसतात. मला विचाराल तर ब्लॉगचा सगळ्यात मोठा फायदा हाच, वाचणारा कुणी असो नसो.

तो लेख पाहून वडील म्हणाले, "दुकान चालवायलास का बुडवायलास?" त्यांचंही चूक नव्हतं. त्या साली पिशव्या कमीच गेल्या.

वाचणारे कोण म्हणता? दोन वर्षांनी निलंग्याकडचा एक शेतकरी दुकानात आला आणि माझ्याशीच हुज्जत घालायला लागला. मी एकरी 30 किलो म्हणालो, तर मोबाइल पुढं करून म्हणे, "सहासष्टच निघालेत, बत्तीस लागतील, हे बघा नेटवर लिहिलंय." माझाच लेख. मी गप्प मान डोलावली.

दुसरा लेख जो लोक शोधत येतात तो शेतीचा नाहीच, येळवशीच्या भज्जीचा आहे. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, आमच्याकडचा शेतात जेवायचा सण, आणि भज्जी म्हणजे भाज्या, बेसन, ताक घालून केलेली पातळ भाजी. वेळ अमावस्या आली की पुण्याला गेलेल्या आमच्या बहिणी, भाचे, त्यांचे मित्र, सगळ्यांना भज्जी आणि अंबील आठवते. आईला विचारलं, बेसन किती? "लागंल तेवढं." ताक? "आंबट असंल तसं." शेवटी तिनं मूठ भरली की ती पातेल्यात पडायच्या आत मी वाटीत घेऊन मोजायचो. चिडली, पण माप मिळालं. आधी हेच मी दर वर्षी व्हॉट्सअॅपवर टाकायचो. फोन हौदात पडला आणि तेही गेलं.

दुसऱ्याच्या अंगणात ठेवलेलं असंच जातं. फेसबुकसारखंच गूगलचं ऑर्कुट होतं, त्यावर मी काय काय लिहिलं होतं! ते 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. किल्लारीच्या भूकंपाचीच तारीख, म्हणून आमच्या भागात विसरायची सोय नाही. मी ब्लॉग लिहितो ते ब्लॉगरही गूगलचंच आहे, उद्या तेही गुंडाळतील, पण त्यातले सगळे लेख एका फाइलीत उतरवून घेता येतात. मी दर दिवाळीला घेतो. शिवाय तुम्ही मराठीत सरळ युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर टाइप करतो त्या अक्षरांत, लिहिलं की शोधणाऱ्याला सापडतं. आमच्या गणेश मंडळाच्या जुन्या स्मरणिकेची फाइल आहे, डीटीपीच्या जुन्या फॉन्टातली. उघडली की नुसत्या किड्या-मुंग्या.

पैशासाठी काढणार असाल तर नका काढू. अॅडसेन्सचे, म्हणजे ब्लॉगवर गूगलच्या जाहिराती दाखवायचे, 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत, आणि ते जमेपर्यंत माझ्या दुकानाच्या पाटीला दोनदा रंग देऊन झाला होता.

विषय शोधत बसू नका. माप द्यायला आलेल्या बाया तुम्हाला सगळ्यात जास्त काय विचारतात, तेच पहिलं लिहा. आमच्या घरात दर लग्नसराईत वाद होतो, सुती अस्तर आधी भिजवून घ्यायचं का तसंच लावायचं. बायको म्हणते भिजवल्याशिवाय लावलं तर पहिल्या धुण्यात आटतं, वहिनी म्हणते काही होत नाही. त्यावर तुम्ही लिहिलंत की लिंक इथंच खाली टाका, मी वहिनीला पाठवतो.