९२ वर्षं आणि चार ओळी

टोरोंटोहून एका वाचकाचं पत्र आलंय. वडील गेल्या श्रावणात गेले, गोव्यात म्हार्दोळजवळच्या आपल्या घरीच. आता वर्षश्राद्धाला सगळे जमणार आहेत आणि आठवणींची एक छोटी पुस्तिका काढायचं ठरलंय. पत्रातला मजकूर असा:

"ताई, लिहायला बसलो आणि चार ओळींत संपलं. १९३२ चा जन्म, पोर्तुगीज शाळा, खाणीच्या ऑफिसात नोकरी, सहस्रचंद्रदर्शन. मी २४ व्या वर्षी घर सोडलं, त्यानंतरचे बाबा मला सुट्टीपुरतेच ठाऊक. माझ्या १४ वर्षांच्या मुलीलाही त्या दिवशी दोन शब्द बोलायचेत. ती म्हणते, 'आजोबा व्हिडिओ कॉलवरसुद्धा फोन कानाला लावायचे. मला त्यांचा चेहरा कमी आणि कानच जास्त आठवतो. मी तेच सांगणार.' धाकटे काका म्हणतात, असलं काही नको, लोक हसतील. तिच्यासाठी एखादं बरंसं मराठी भाषण लिहून द्याल का?"

नाही देणार. तुमच्या अख्ख्या पत्रात मला बाबा दिसले ते त्या कानाच्या वाक्यातच. लोक हसतील, हसू दे. ब्याण्णव वर्षं जगून घरीच गेलेल्या माणसाच्या आठवणीत कुणी हसलं तर त्यात कसला आलाय अपमान? तिला इंग्रजीत बोलायचं असेल तर इंग्रजीत बोलू दे, शेजारी उभं राहून तुम्ही मराठीत सांगा. पाठ केलेलं भाषण तेवढं नको. मुलं ते धापा टाकत म्हणतात आणि ऐकणारे जेवणाची वाट बघतात.

आता त्या चार ओळींबद्दल. तुम्हाला बाबा कमी माहीत आहेत याचं वाईट वाटून घेऊ नका. इथे, त्याच घरात राहिलेल्या मुलांनाही फारसं काही माहीत नसतं. माझंच सांगते. माझे वडील हात आखडता असलेले, म्हणजे आम्ही तसंच समजत होतो. संध्याकाळी ते बाजारातून जायांचे, म्हणजे जाईचे, कळे आणायचे ते नेहमी उरलेसुरले, कोमेजायला आलेले. "स्वस्तात मिळाले," म्हणायचे. आई वैतागायची, आम्ही चेष्टा करायचो. ते गेल्यावर बाराव्याला एक फुलवाली आली. तिने सांगितलं, शेवटची बस चुकू नये म्हणून मी घाई करायचे, तर बाब यायचे, टोपलीतलं राहिलेलं सगळं घ्यायचे आणि पैसे पूर्ण द्यायचे. आईने तिला दोनदा विचारलं, "पूर्ण?" आईला आधी रागच आला होता, खरं सांगायचं तर.

ही फुलवाली तेराव्यानंतर आम्हाला शोधूनही सापडली नसती. म्हणून तुमची माणसं आत्ताच शोधा. यादी तुमच्या घरातच आहे: सहस्रचंद्रदर्शनाचा अल्बम. हजार पौर्णिमा म्हणजे साधारण ८० वर्षं १० महिने, तेव्हा तो सोहळा होऊन साधारण १२ वर्षं झाली असतील. फोटोत बाबांना ओवाळणाऱ्यांकडे बघू नका, ती घरचीच. मागे, मांडवाच्या खांबापाशी, हातात द्रोण घेऊन उभे आहेत ते कोण, हे आईला विचारा. बार्जवरचा तांडेल असेल, ऑफिसातला शिपाई असेल, जत्रेच्या नाटकात बाबांबरोबर तोंडाला रंग लावलेला कुणी असेल. त्यांच्यातले जे आहेत त्यांच्याकडे जाऊन बसा. फोन करू नका, जा. आणि "बाबांबद्दल काही सांगा ना" असं विचारू नका. त्यावर "देवमाणूस होते" याखेरीज उत्तर मिळत नाही.

नेमकं विचारायचं. तुमच्या बाबांनी एकाच घरात राहून तीन राजवटी बघितल्या: पोर्तुगीजांची, मग १९ डिसेंबर १९६१ नंतरचा केंद्रशासित प्रदेश आणि ३० मे १९८७ पासूनचं राज्य. खिशात पोर्तुगीजांचा रुपिया होता, मग त्यांचाच एस्कुद आला, मग आपला रुपया. १९५५ ला भारताने गोव्याची नाकेबंदी केली, रेल्वे थांबली, तेव्हा ते २३ वर्षांचे. सावंतवाडी-बेळगावला कोण नातेवाईक होते? कुणाच्या लग्नाला जाता आलं नाही? बटाटे कुठून यायचे? आईला हे विचारायचं तर समोर फोन ठेवून रेकॉर्डिंगला बसवू नका. ती तांदूळ निवडत असेल तेव्हा विचारा, आणि एकच प्रश्न.

काकांसाठी मात्र मी खास प्रश्न ठेवलाय. १६ जानेवारी १९६७ चा सार्वमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फुलावर शिक्का, नको असेल तर दोन पानांवर. आपल्या मराठी घरांतसुद्धा तेव्हा भाऊ भावाशी बोलेनासा झाला होता. काकांना विचारा, बाबा फुलाचे की दोन पानांचे? आणि तुम्ही? दुपार कशी जाते बघा. भांडण झालं असेल तर ते पुस्तिकेत येऊ दे. काका एकदा स्वतः सांगायला लागले की नातीच्या भाषणावरची देखरेख आपोआप सुटेल.

कागदांचं थोडक्यात. आजोबांचा पोर्तुगीजकालीन जन्मदाखला आपल्याकडे बहुतेक वेळा पोर्तुगालचा पासपोर्ट काढण्यापुरताच शोधला जातो. तुम्ही तो पुस्तिकेसाठी शोधा, निदान एक तरी माणूस तसा निघेल. पणजीच्या पुराभिलेखागारात किंवा नोंदणी कार्यालयात जाल तेव्हा लक्षात ठेवा, पोर्तुगीज लिहिण्यात 'के' हे अक्षर वापरत नसत. 'क'ची आडनावं 'सी' नाहीतर 'क्यू'खाली सापडतात. कामतचं कामोतीं होतं, शेणयचं सिनाय. ते विचित्र स्पेलिंग पुस्तिकेत जसंच्या तसं छापा. शाळेत बाबांना त्याच नावाने हाक मारत असतील.

(वारसाहक्काचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते, कारण त्या दिवशी कुणीतरी विषय काढणारच. लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर गोव्याच्या कायद्याने साधारणपणे निम्मी मालमत्ता आईची असते, आणि ती तिला वारसा म्हणून मिळत नाही, ती आधीपासूनच तिची असते. बाकीचं वकिलाकडे, आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी नको.)

माळ्यावर बाबांची पत्र्याची पेटी आहे आणि भाऊ ती रिकामी करायच्या मागे आहे, असं तुम्ही पत्राच्या शेवटी घाईत लिहिलंय. त्याला आजच फोन करून थांबवा. श्रावणातल्या दमट हवेत कागद एकमेकांना चिकटलेले असतील, ते ओढून सोडवू नका. पंख्याखाली पसरून ठेवा, उन्हात नको, आणि लॅमिनेशन तर नकोच नको. फोनवर फोटो काढायचं काम मुलीला द्या. किल्ली आईकडे मागा, आणि पेटी उघडाल तेव्हा तिलाच आधी आत बघू द्या.