वाचकांचे प्रश्न : काजूवरचा ढेकण्या

प्रश्न : डिसेंबरात काजूला भरघोस मोहोर आला, पण आठवड्याभरात दांडे काळे पडून वाळले. शेजारी म्हणतात करपा, म्हणजे बुरशीचा रोग, दुकानदार म्हणतो ढेकण्या. झाडावर किडा तर एकही दिसत नाही. – एक बागायतदार, ता. सावंतवाडी

उत्तर : ढेकण्या हा रस शोषणारा किडा, दुपारी बघितलंत तर दिसणार नाहीच. उन्हात तो पालवीच्या आत दडतो. सकाळी ऊन चढायच्या आत कोवळे शेंडे उलटसुलट करून पाहा. पूर्ण वाढलेला ढेकण्या ६ ते ८ मिलिमीटर लांब, सडपातळ. डोकं काळं, छाती तांबूस, पोट काळं-पांढरं, पाय नि मिशा लांबलचक. पाठीवर टाचणी टोचल्यासारखा उभा काटा असतो, तो दिसला की शंका नको. बिनपंखी पिल्लं मधाच्या रंगाची असतात, घाईत मुंग्याच वाटतात.

करपा वेगळा कसा ओळखायचा? ढेकण्या सोंड खुपसून रस शोषतो आणि त्याची लाळ विषारी असते. टोचल्या जागी आधी पाणथळ ठिपका, मग डिंकाचा थेंब, दुसऱ्या दिवसापर्यंत लांबट तपकिरी-काळा चट्टा. चट्टे एकमेकांत मिसळले की शेंडा वाळतो. याच जखमांतून पुढे बुरशी शिरते, म्हणजे शेजारीही अगदीच चुकीचे नाहीत. पण नुसतं बुरशीनाशक मारून मूळ दुखणं जात नाही.

मादी कोवळ्या दांड्याच्या आत एकेक अंडं खुपसते. बाहेर दिसतात फक्त दोन पांढरे केस, एक आखूड, एक लांब, भिंग हवंच. साधारण आठवड्यात पिल्लू निघतं, पाच अवस्था पार करून दहा-पंधरा दिवसांत त्याला पंख फुटतात. अंडं असं आत सुरक्षित राहतं, म्हणून फवारणी ‘लागू पडली नाही’ असं वाटतं. आठ-दहा दिवसांनी शेंडे पुन्हा तपासा.

मोहोर काळा पडल्यावर मारलेलं औषध गेलेला मोहोर परत आणत नाही. पावसाळ्यानंतर नवी पालवी फुटते तेव्हाच पहिली फवारणी हवी : लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ५ टक्के, १० लिटर पाण्यात ६ मिली. मोहोर येताना प्रोफेनोफॉस ५० टक्के, १० लिटरला १० मिली. फळ धरताना प्रादुर्भाव दिसला तरच तिसरी. फवारा संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर. बागेच्या कडेकडून आत या. शेजारच्या बागायतदाराने त्याच सुमारास फवारलं नाही, तर कीड तिकडून परत येईल. डब्यावरचं लेबल वाचा, हातमोजे घाला.

प्रश्न : पेरूवर खपलीसारखे खरखरीत डाग पडतात. तोच किडा का? बाग काजूला लागूनच आहे.

उत्तर : बहुधा तोच. पेरू, कडुलिंब, कोको, चहा, सगळ्यांवर तो जगतो. कोवळ्या फळाला टोचल्याची जखम फळाबरोबर वाढते आणि खपली धरते. काजूची पालवी पाहाल तेव्हा पेरूचीही पाहा.

प्रश्न : काजूवर तांबड्या मुंग्यांची पानं शिवलेली घरटी आहेत. काढू का?

उत्तर : ठेवा. त्या ढेकण्याला हुसकावतात, खातातही. काजू गोळा करताना चावतात, एवढाच त्रास.