रोज काढते, तरी समोरचा तांब्या जमत नाही

चित्रकलेविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत कोल्हापूरच्या एक निवृत्त कलाशिक्षिका.

प्रश्न : बाई, मी बँकेत नोकरी करते, वय ४३. शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला ए ग्रेड होती, पुढे सगळं सुटलं. गेल्या दिवाळीपासून पुन्हा हातात पेन्सिल धरली आहे. रोज रात्री मोबाइलवर एखादा फोटो उघडते आणि बघून काढते. घरच्यांना ती चित्रं आवडतात. पण परवा समोर तांब्या ठेवून बसले, तर तो पार वाकडातिकडा. मग रोजच्या सरावाचा उपयोग काय झाला?
*एक वाचक, नाशिक*

उत्तर : हात बसलाय तुमचा, त्याची काळजी नको. सराव राहिलाय तो डोळ्यांचा. फोटोत निम्मं काम कॅमेऱ्याने उरकलेलं असतं. वस्तू सपाट करून दिली, चौकट ठरवून दिली. तुम्ही मान कशीही हलवा, फोटोतला तांब्या जागचा हलत नाही. समोरचा तांब्या मात्र तुम्ही जरा वाकलात तरी बदलतो. त्याच्या तोंडाचा लंबगोल चपटा होतो.

तेव्हा महिनाभर फोटो बंद. एकच तांब्या, एकच जागा, शेजारी एकच खिडकी, रोज वीसेक मिनिटं. रात्रीच वेळ मिळत असेल तर खिडकीऐवजी टेबललॅम्प एका बाजूला ठेवा आणि खोलीतला बाकीचा दिवा घालवा. ‘रोज एक नवं चित्र’ असं जे सध्या खूळ आहे, ते मला पटत नाही. नव्या चित्रात कालची चूक पुन्हा भेटतच नाही, मग ती दुरुस्त कधी करणार?

पहिले दोन-तीन दिवस नुसती रेषा. मधोमध एक उभी अक्षरेषा ओढा आणि तिच्या दोन्ही बाजू सारख्या येतायत का ते बघा. वर्गात जवळजवळ प्रत्येक पोर तांब्याचं बूड सरळ रेघेने काढायचं, कारण तांब्या टेबलावर टेकलाय हे त्याला ठाऊक असतं. प्रत्यक्षात तोंड आणि बूड दोन्ही गोल आहेत, आणि दोन्ही नजरेच्या पातळीखाली आहेत. बूड आणखी खाली, म्हणून त्याची कड तोंडाच्या कडेपेक्षा जास्त वळलेली दिसते. तोंडाचा लंबगोल काढताना दोन्ही टोकांना कोपरे येऊ देऊ नका. ते टोकदार झाले की तांब्या पत्र्याचा दिसतो.

माप घ्यायला पेन्सिलच पुरते. हात समोर ताठ, एक डोळा मिटलेला. तांब्याची रुंदी पेन्सिलीवर अंगठ्याने धरा आणि ती उंचीत किती वेळा बसते ते मोजा. कोपर जरा वाकलं की माप गेलंच.

रेषा जमू लागली की उजेडाकडे वळा. डोळे किलकिले करून पाहिलंत तर बारीकसारीक सगळं विरघळतं आणि उजेड-सावलीचे मोठे तुकडे उरतात. आधी तेच भरा. एक गोष्ट हमखास निसटते : सावलीकडच्या बाजूला अगदी कडेशी थोडा उजेड परत येतो, टेबलावरून उसळलेला. तेवढी जागा फिकी राखलीत तर गोलाई येते, नाहीतर तिथे नुसता काळा डाग दिसतो. आणि तांब्या पितळी असेल तर त्याच्या पोटात खिडकीचा चौकोन शोधा, तोही वाकलेला असतो.

रविवारी तांब्या कपाटात ठेवा आणि आठवून काढा. ग्रेड परीक्षेतलं ते स्मरणचित्र आठवतंय ना? जिथे पेन्सिल अडेल, तेवढा भाग आठवडाभर तुम्ही पाहिलेलाच नाही. सोमवारी तिथूनच सुरुवात.

एकाच विषयाचा कंटाळा येईल म्हणाल, तर आमच्या कोल्हापूरचे आबालाल रहिमान आठवा. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले, शाहू महाराजांच्या पदरचे चित्रकार. कोटीतीर्थाच्या काठी राहिले आणि तेच तळं निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या उजेडात रंगवत राहिले. १९३१ साली ते गेले, पण इथल्या चित्रकारांच्या तोंडी त्यांचं नाव अजून आहे.

कागद भारीतला आणू नका. महाग कागदावर माणूस घाबरून रेघ ओढतो. बँकेत एका बाजूने छापलेले रद्दी कागद मिळत असतील तर उत्तम (खातेदारांची नावं असलेले सोडून!). कोपऱ्यात तारीख टाका, खोडरबर दुसऱ्या खोलीत ठेवा आणि एकही कागद फाडू नका.

प्रश्न : बाई, मी नववीत आहे. संकल्पचित्रात (डिझाइनमध्ये) माझा पोस्टर कलर पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. सर म्हणतात सराव कर. पण कशाचा?
*एक विद्यार्थी, जालना*

उत्तर : बाळा, पूर्ण संकल्पचित्रं काढत बसू नकोस. नुसते चौकोन आखून एकेक सपाट भर. रंग कढीइतका दाट हवा. पातळ झाला तर खालचा कागद डोकावतो, घट्ट झाला तर ब्रशचे केस उमटतात. एका आकाराला लागेल तेवढा रंग एकदमच कालव, कारण तीच छटा दुसऱ्यांदा जमत नाही. फिकी छटा हवी असेल तर पांढऱ्यात थेंब थेंब गडद रंग घाल. उलटं केलंस तर अर्धी पांढरी बाटली संपेल. आधी कडा, मग पोट, आणि कड ओली असतानाच आकार पुरा करायचा. अर्धवट वाळलेल्या जागी पुन्हा ब्रश फिरवलास की पट्टा आलाच. शेजारचा रंग पहिला खडखडीत वाळल्यावर.

प्रश्न : निवृत्तीनंतर जलरंग शिकतो आहे. चित्र मळकट होतं आणि पावसाळ्यात तर कागद वाळतच नाही. काय करावं?
*एक वाचक, रत्नागिरी*

उत्तर : मळकटपणाची दोन कारणं नेहमीची. एका जागी तीन-चार रंग मिसळणं, आणि ओलसर थरावर पुन्हा ब्रश चालवणं. काही दिवस एकाच रंगात काम करा, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) चालेल. पाण्याने फिका, कमी पाण्याने गडद. आधी फिकं, मग गडद, आणि उजेडाची जागा कोरी. सा. ल. हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. बोटांआडून झिरपणारा तो उजेड पाहून तैलरंग वाटतो, पण तो जलरंग आहे. जमल्यास मुद्दाम जाऊन बघा.

कोकणातल्या पावसाचं म्हणाल तर कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा. दमट हवेने त्यावरचा सरसाचा थर बिघडतो आणि रंग ठिपक्याठिपक्यांनी शोषला जातो; तो दोष तुमच्या हाताचा नव्हे. हेअर ड्रायर वापरलात तरी चालेल, मात्र पाण्याचं तळं मुरल्यावर आणि लांबून. जुलैत रंग वाळायची वाट बघण्यापेक्षा पडवीत बसून पेन्सिलीने माड काढलेले बरे.

प्रश्न : सुरुवातीला कोणकोणत्या पेन्सिली घेऊ?
*एक वाचक, अकोला*

उत्तर : एक टूबी (2B), जरा मऊ शिशाची. शार्पनरने नको, ब्लेडने तासा, म्हणजे शिसं लांब राहतं आणि आडवं धरून छटाही देता येते. डबाभर पेन्सिली पुढे बघू, आधी ही झिजवून संपवा.